वाचक विचारतात : पोटातलं मूल कायद्याच्या नजरेत कोण?

गर्भपाताच्या कायद्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे संक्षेपाने देत आहोत. उत्तरे सदराच्या वकील आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच वगळली आहेत.

अमेरिकेत, आयर्लंडमध्ये गर्भाला जगण्याचा हक्क आहे का यावर एवढं रण माजतं. आपल्या संसदेत मात्र २०२१ साली दुरुस्ती झाली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. आपल्याकडे गर्भ ही व्यक्ती आहे की नाही यावर चर्चा झालीच नाही का?
*नागरिकशास्त्राच्या शिक्षिका, सांगली*

थेट त्या प्रश्नावर मतदान घेऊन निकाल लावावा, असं आपल्या संसदेत कधीच झालेलं नाही. का झालं नाही, हे समजलं की पुढची बरीच कोडी सुटतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत गर्भपात हा गुन्हा होता. कलम ३१२ प्रमाणे गर्भपात घडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत कैद. स्वतःच स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा यात आरोपी. सुटका एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने केलेला गर्भपात. परिणाम व्हायचा तोच झाला. गर्भपात थांबले नाहीत, ते सुईणींकडे आणि भोंदूंकडे गेले. काड्या, मुळ्या, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि मृत्यू. १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह. समितीचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला, विधेयक १९६९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, १९७१ मध्ये मंजूर झालं आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झालं. हाच तो वैद्यकीय गर्भपात कायदा, बोलीभाषेत ‘एमटीपी ॲक्ट’.

आता त्याचं कलम ३ वाचा. ‘दंड संहितेत काहीही असलं तरी, या कायद्यानुसार गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही’, असा त्याचा आशय आहे. बाईला हक्क आहे असं त्यात कुठे नाही. गर्भाला हक्क आहे किंवा नाही, असंही नाही. गुन्हा जागच्या जागी ठेवला आणि ठरावीक अटींत डॉक्टरला त्यातून बाहेर काढलं. विधेयकाच्या उद्दिष्टांत तीन कारणं दिली होती : आरोग्य, म्हणजे बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक प्रकृतीला धोका, मानवता, म्हणजे बलात्कारातून राहिलेले दिवस वगैरे, आणि तिसरं, मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मण्याची शक्यता. लोकसंख्यावाढीची काळजी त्या काळाच्या हवेतच होती आणि सभागृहातही ती डोकावली. आमच्या मते संसदेने त्या वेळी अवघड प्रश्नाला शहाणपणाने बगल दिली. पण त्या बगलेची किंमत आजही बाया मोजतात, कारण कायदा डॉक्टरच्या बाजूने लिहिलेला आहे आणि घाबरलेला डॉक्टर आधी स्वतःचा बचाव बघतो.

२०२१ च्या दुरुस्तीवर (काही कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आणि त्यापुढे गर्भातल्या गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळ, अशी ती दुरुस्ती) चर्चा झालीच नाही, असं मात्र नाही. २ मार्च २०२० ला तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी विधेयक मांडलं, १७ मार्चला लोकसभेने ते मंजूर केलं आणि आठवडाभरात देश कुलूपबंद झाला. राज्यसभेत ते आलं पुढच्या वर्षी, १६ मार्च २०२१ ला. निवड समितीकडे पाठवा ही विरोधी सदस्यांची मागणी फेटाळली गेली आणि आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं. आक्षेपांचा भर गर्भाच्या दर्जावर नव्हता. मुख्य आक्षेप असे होते : निर्णय बाईचा न ठेवता वैद्यकीय मंडळाचा का? जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ मिळत नाहीत, तिथे मंडळं चालणार कशी? बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांनंतर पुन्हा कोर्टाचीच पायरी का? कायद्यात फक्त ‘स्त्री’ लिहिल्याने गरोदर राहणाऱ्या ट्रान्स व्यक्तींचं काय? यांतला एकही प्रश्न आज निकालात निघालेला नाही.

विद्यार्थ्यांना सांगताना एक बदल आवर्जून सांगा. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतं होतं. आता तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आहे.

माझ्या धाकट्या दिराचं अकस्मात निधन झालं. जाऊबाई चार महिन्यांच्या गरोदर आहेत, पाच वर्षांची एक मुलगी आहे, सासूबाई आहेत. तलाठ्याकडे वारस नोंद करायची तर पोटातल्या बाळाचं नाव लागतं का? काही नातेवाईक म्हणतात, जन्मलंच नाही त्याला हिस्सा कसला?
*एक वाचक भगिनी, चिपळूण*

नातेवाईकांचं म्हणणं चूक आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २० सांगतं की मृत्यूच्या वेळी पोटात असलेलं आणि नंतर जिवंत जन्मलेलं मूल, मृत्यूआधीच जन्मलं असतं तर जेवढा हिस्सा मिळाला असता तेवढ्याचा मालक होतं. तेही मृत्यूच्या तारखेपासून. अट एकच, जिवंत जन्म. बाळ मृत जन्मलं तर हिस्सा लागूच होत नाही आणि त्याच्यामार्फत कुणाला वारसाही मिळत नाही. जन्मून तासाभराने गेलं तर मात्र हिस्सा लागू झालेला असतो, म्हणून अशा वेळी जन्म आणि मृत्यू या दोन्ही नोंदी न चुकता करा.

हिशेब असा. मृत्युपत्र नसेल आणि दिरांची जमीन स्वकष्टार्जित असेल, तर आज वारस तीन : पत्नी, मुलगी, आई. प्रत्येकी एक तृतीयांश. बाळ जिवंत जन्मलं की प्रत्येकी एक चतुर्थांश. जुळी झाली तर एक पंचमांश. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी दिरांचा हिस्सा वेगळा काढायचा आणि मग त्याचीच अशी वाटणी.

तलाठ्याकडे अर्ज आत्ताच करायला हरकत नाही, पण अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात ‘मयताची पत्नी गरोदर असून जन्मणाऱ्या अपत्याचा हक्क राखून’ हे वाक्य लिहून घ्या. वारस प्रकरणांची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६-क आणि त्यावरून पडणारा फेरफार म्हणजे नमुना ६, या दोन्हींत ते यायला हवं. बाळाचा जन्मदाखला मिळाला की पुन्हा अर्ज द्या. नाव ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून आईच्या नावासह लागेल. गोंधळ होतो तो इथेच. मधल्या काळात कुणीतरी घाईने तीनच नावांवर वाटणीपत्र किंवा खरेदीखत करून टाकतं, आणि पुढे ते सगळं निस्तरत बसावं लागतं. बाळाचा जन्म होईपर्यंत वाटणी आणि विक्री थांबवा. जन्मानंतरही अज्ञान मुलाच्या नावावर वारसाने आलेली जमीन पालकाला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीविना विकता येत नाही.

पोटातल्या बाळाची कायद्याने अशी आठवण इतरत्रही ठेवली आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३ नुसार न जन्मलेल्याच्या नावे थेट बक्षीसपत्र होत नाही. आधी हयात व्यक्तीला तिच्या आयुष्यापुरता हक्क द्यावा लागतो, आणि मग उरलेला सगळाच्या सगळा हक्क त्या बाळाला. मुदत कायद्याच्या कलम ६ मध्ये तर ‘अज्ञान’ या शब्दात पोटातलं मूलही धरलं आहे. पण यातून पोटातलं मूल व्यक्ती ठरलं असा अर्थ काढू नका. हे सगळे हक्क जन्म होईपर्यंत राखून ठेवलेले असतात.

सुनेच्या एकविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत दोष दिसला. एका डॉक्टरांनी ‘आता कोर्टातच जावं लागेल’ म्हणून हात वर केले. खरंच कोर्टाची गरज आहे?
*सेवानिवृत्त बँक कर्मचारी, पुणे*

नाही. आणि घाई करा, कारण तुमच्याकडे आहे तो वेळ दिवसांत मोजायचा आहे.

आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. समजा तो १ जानेवारी असेल, तर २० आठवडे २१ मे रोजी आणि २४ आठवडे १८ जून रोजी पुरे होतात. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त भरवशाची, म्हणून तो जुना रिपोर्ट शोधून सोबत ठेवा. मंडळापुढे वाद होतो तो बहुधा याच तारखांवर.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ या टप्प्यात दोघांचं लागतं आणि कारण या कायद्याखालच्या नियम ३-ब मधल्या यादीत बसावं लागतं : लैंगिक अत्याचार, बलात्कार वा जवळच्या नात्यातला संबंध, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच वैधव्य वा घटस्फोट, मोठं शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातला गंभीर दोष, जाहीर झालेली आपत्ती वा आणीबाणी. तुमची केस गर्भातल्या दोषाची, म्हणजे मान्यताप्राप्त रुग्णालयात दोन डॉक्टरांच्या सहीने काम होतं. मंडळही नको, कोर्टही नको.

२४ च्या पुढे गेलात तर गर्भातल्या गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळ. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट असतात. मुंबईत जे. जे., पुण्यात ससून अशा शासकीय रुग्णालयांत ही मंडळं बसतात. अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत मत आणि ५ दिवसांत प्रक्रिया, असं नियम सांगतो. इथेही कायद्याने कोर्टाची अट घातलेली नाही.

मग वेळ कुठे जातो? दोषांची मुख्य सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करायची असते, ती बरेचदा विसाव्यानंतर होते. हृदयाचा दोष नीट दिसायला त्यानंतरची फीटल एको, म्हणजे गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी लागते. गर्भजल तपासणीत पेशी वाढवून गुणसूत्रं बघायची तर दोन-तीन आठवडे जातात, झटपट चाचणीचा निकाल काही दिवसांत येतो पण त्यात मोजकेच दोष कळतात. मग ‘दुसरं मत घेऊ’, ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू’. असं करत २४ उलटतात. म्हणून तपासणी चालू असतानाच दुसऱ्या डॉक्टरांची भेट ठरवून ठेवा. डॉक्टर नाही म्हणाले तर नकार कारणासह लेखी मागा. आमचा अनुभव असा की कागदावर लिहायची वेळ आली की निम्मे नकार विरघळतात.

मंडळानेही नाकारलं, तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंच. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. ३२ आठवडे उलटलेले, बाळाच्या डोक्याची वाढ खुंटलेली, आणि मंडळाचा नकार. न्यायमूर्ती गौतम पटेल व एस. जी. डिगे यांनी सांगितलं की निवड करण्याचा हक्क त्या बाईचा आहे, मंडळाचा नव्हे.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या दोन मुलांच्या आईला नकार का दिला? तिथे गर्भाचे ठोके बंद करायचे का, असा प्रश्न निघाला होता. म्हणजे कोर्टाने गर्भाला व्यक्ती मानलं?
*विधी शाखेचा विद्यार्थी, ठाणे*

मानलं असं म्हणता येणार नाही, पण तुमचा संशय अगदीच निराधारही नाही.

विवाहित बाई, दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. अंगावर पाजताना बरेचदा पाळी येत नाही, त्यामुळे दिवस गेलेले उशिरा कळले. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू होती. ९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. नागरत्ना यांनी परवानगी दिली. मग ‘एम्स’च्या डॉक्टरांनी कळवलं की गर्भ जगण्याइतका वाढला आहे, ठोके आधी थांबवायचे की नाही ते सांगा. ११ तारखेला खंडपीठात दुमत झालं. न्या. नागरत्ना यांचं मत असं की गर्भ आईवर अवलंबून असतो, आईपासून वेगळी व्यक्ती म्हणून त्याचा विचार होऊ शकत नाही. न्या. कोहली यांना आता परवानगी द्यावीशी वाटेना. १६ तारखेला तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या तीन सदस्यीय खंडपीठाने नकार दिला, पण कारण कायद्याच्या चौकटीतलं दिलं : २६ आठवडे ५ दिवस, गर्भात दोष नाही, बाईच्या जिवाला तातडीचा धोका नाही. म्हणजे मंडळाची वाट बंद आणि गर्भपात कायद्याच्या कलम ५ चीही बंद. कलम ५ मध्ये आठवड्यांची मर्यादा नाही, पण ते फक्त जीव वाचवण्यापुरतं आहे.

अभ्यासासाठी याच्या शेजारी आणखी तीन निकाल ठेवा. २००९ चा सुचिता श्रीवास्तव निकाल : मूल हवं की नको हे ठरवणं अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतं, मात्र जन्मणाऱ्या मुलाच्या जिवाचं रक्षण करण्यात राज्यालाही रस आहे, असंही त्यातच म्हटलं आहे. २०१६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा, तुरुंगातल्या गरोदर महिलांविषयीचा निकाल : मानवी हक्क जन्मापासून मिळतात, न जन्मलेला गर्भ हा मानवी हक्क असलेला घटक नाही. आणि २९ सप्टेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा : २० ते २४ आठवड्यांत अविवाहितेला विवाहितेपेक्षा वेगळी वागणूक देता येणार नाही, आणि या कायद्यापुरता बलात्कारात नवऱ्याने केलेला बलात्कारही येतो.

हे एकमेकांशी पुरते जुळत नाहीत आणि ते जुळतात असं परीक्षेत लिहूही नका. गर्भ जगण्याजोगा झाला की न्यायाधीशांचा हात अडखळतो. त्या टप्प्यावर काय करायचं हे ठरवायचं काम संसदेचं होतं आणि संसदेने फक्त व्यंगाचा अपवाद लिहून ठेवला. म्हणून निरोगी गर्भ असलेल्या बलात्कारपीडितेला २४ नंतर आजही कोर्टात उभं राहावं लागतं. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीला उच्च न्यायालयाने नाकारलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने दिली, आणि आठवड्याभरात पालकांचा विचार बदलल्यावर आदेश मागे घेतला. गर्भ तोवर तीस आठवड्यांच्या आसपास पोचला होता. त्या निकालातलं एक वाक्य मंडळांनी भिंतीवर लावावं : मत देताना मुलीची शारीरिक आणि मानसिक अवस्था, दोन्ही लिहिल्या पाहिजेत.

नवऱ्याने लाथ मारल्याने पाच महिन्यांचं बाळ पोटात गेलं, तर तो खून होतो का?
*सामाजिक कार्यकर्ती, जालना*

खून नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० चं स्पष्टीकरण सांगतं की पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. मुलाचा कुठलाही भाग बाहेर आलेला असेल, मग त्याने श्वास घेतलेला नसला तरी, मात्र तो मनुष्यवध होऊ शकतो. पण मोकळं कुणी सुटत नाही. संमतीशिवाय गर्भपात घडवला तर कलम ८९, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. बाईच्या जिवावर बेतू शकेल अशा कृत्याने हालचाल करणारा गर्भ मेला तर कलम ९२, दहा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुन्या दंड संहितेची कलमं ३१३ आणि ३१६. फिर्याद फक्त मारहाणीची लिहून घेतली जाते, तिथे अडून बसा. बाईला त्याच दिवशी सिव्हिलला न्या, सोनोग्राफी आणि केसपेपरवर ‘मारहाणीचा इतिहास’ नोंदवून घ्या, आणि बाहेर आलेला गर्भ व वार (प्लॅसेंटा) तपासणीसाठी जपून ठेवायला सांगा. तो टाकून दिला गेला की पुरावा गेला.

सविता हलप्पनवार आमच्या बेळगावच्या. त्यांच्या मृत्यूनंतर आयर्लंडचा कायदा बदलला म्हणतात. नेमकं काय अडलं होतं तिथे?
*एक वाचक, बेळगाव*

आयर्लंडने आपल्याकडे टाळलेली गोष्टच केली होती. १९८३ मध्ये जनमत घेऊन आठवी घटनादुरुस्ती झाली आणि न जन्मलेल्याचा जगण्याचा हक्क आईच्या जगण्याच्या हक्काइतकाच मानला गेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये दंतवैद्य असलेल्या सविता सतराव्या आठवड्यात गॅलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, गर्भपाताची मागणीही त्यांनी केली. पण ठोके चालू होते. डॉक्टर थांबले, संसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. समान हक्क लिहून ठेवल्यावर ‘आईच्या जिवाला धोका’ नेमका कधी सुरू होतो हे खाटेशेजारी कुणी ठरवायचं, हा पेच तिथे होता. जंतुसंसर्गात काही तासांची दिरंगाईही जीव घेते.

२०१३ मध्ये तिथल्या संसदेने जीव धोक्यात असेल तर परवानगी देणारा कायदा केला. २५ मे २०१८ च्या जनमतात ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता गर्भपात होतो, मध्ये तीन दिवस थांबण्याची अट आहे. हे आपल्यापेक्षा एका अर्थाने पुढचं पाऊल आहे. आपल्याकडे सहाव्या आठवड्यातही कारण आणि डॉक्टरचं मत लागतंच.

गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का? आणि केमिस्ट गोळ्या देत नाहीत, ‘लिंगनिदानाची केस होईल’ म्हणतात.
*एक वाचक भगिनी, कोल्हापूर*

सही लागत नाही. अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती, फॉर्म सी वर, एवढंच. पालकाची सही फक्त अठराखालील मुलगी किंवा मानसिक आजार असलेली स्त्री यांच्यासाठी. आधारकार्ड, लग्नाचा दाखला, सासूची संमती हे सगळं रुग्णालयांनी घरचं जोडलेलं. बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्याच्या कलम ५-अ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गर्भपाताचा आणि लिंगनिदानाचा, हे दोन कायदे वेगळे आहेत. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. त्यात गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत, आणि तेवढ्यात सोनोग्राफीवर लिंग कळतच नाही. केमिस्टची भीती छापे आणि तपासण्यांची आहे, कायद्याची नाही. पण चिठ्ठीशिवाय गोळ्या मागू नका. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटू शकते. आधी डॉक्टरकडून तपासणी, मग चिठ्ठी. चिठ्ठी असूनही केमिस्टने नाही म्हटलं, तर ज्या दवाखान्याला गर्भपाताची मान्यता आहे तिथूनच गोळ्या घ्या.